आरसी प्लेनवर छोटा कॅमेरा लावताय? मग या चुका टाळा

आरसी प्लेन म्हणजे रिमोटवर उडणारं छोटं विमान. त्यावरनं काढलेला व्हिडिओ खराब आला की पोरं सगळ्यात आधी कॅमेऱ्याला शिव्या देतात आणि लगेच मोबाइलवर महागातला शोधायला लागतात. जरा थांबा राव. किचेनएवढा ८०८ कॅमेरा वीस ग्रॅमच्या आत बसतो, मोबियस नावाचा चाळीसच्या आसपास, आणि भर उन्हात दोन्हीचं चित्र आपल्या हौसेपुरतं भरपूर चांगलं येतं. बिघाड बहुतेक वेळा प्लेनमधी असतो. प्रॉप (फिरणारा पंखा), मोटर, माउंट (कॅमेरा बसवायची सोय). तिथं हात न लावता फोर-के घेतला तर तीच थरथर फोर-केमधी बघायला मिळते, एवढाच फरक. आणि त्या स्वस्तातल्या फोर-केचं पण बघून घ्या, लई वेळा सेन्सर तेवढा नसतोच, आतल्या आत चित्र ताणून मोठं केलेलं असतं.

जेलो: सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न

विजेचे खांब नागमोडी, बांध हलतोय, झाडं पाण्यात बुडाल्यासारखी. याला सगळे जेलो म्हणतात. कारण असं, की हे सेन्सर अख्खी फ्रेम एकदम टिपत नाहीत, वरनं खाली एकेक ओळ वाचत येतात आणि स्वस्त कॅमेऱ्यात त्याला जवळपास सेकंदाचा तिसावा भाग लागू शकतो. तेवढ्यात कॅमेरा हलला की वरच्या ओळी एकीकडं, खालच्या दुसरीकडं. फिरणाऱ्या प्रॉपची पाती कोयत्यासारखी वाकडी दिसतात ती पण त्याचमुळं, तो बिघाड नाही, ते सोडून द्या.

आता हिशेब करून बघा. १००० केव्हीची (म्हणजे व्होल्टमागं मिनिटाला हजार फेरे) २२१२ आकाराची मोटर, थ्री-सेल लिपो बॅटरी, दहा इंची प्रॉप, मिनिटाला ८००० फेरे धरा, म्हणजे सेकंदाला १३३. प्रॉपचं एक पातं जड असेल तर दर फेऱ्याला एक धक्का, म्हणजे एका फ्रेममधी चारेक लाटा. तुमच्या व्हिडिओत पण चार-पाच लाटा दिसत असतील आणि थ्रॉटल कमीजास्त केल्यावर त्यांची संख्या बदलत असेल तर दोषी प्रॉप नाहीतर मोटर, दुसरं कुणी नाही. खात्री करायची तर उंचावर जाऊन थ्रॉटल पूर्ण बंद करा, प्लेन तरंगू द्या आणि तो तुकडा नंतर बघा. लाटा गेल्या तर प्रॉपकडं वळा. राहिल्या तर माउंट सैल आहे किंवा पंख फडफडतोय. फक्त ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) ब्रेक चालू ठेवा, नाहीतर हवेनं प्रॉप फिरत राहतो आणि काहीच कळत नाही.

प्रॉप बॅलन्स करायला दुकानी बॅलन्सर पाहिजेच असं नाही, भोकात घट्ट बसणारी सरळ गुळगुळीत दांडी दोन कडांवर आडवी ठेवा, जड पातं आपोआप खाली जातं, मग हलक्या पात्याला मागनं सेलोटेपचा तुकडा लावत जा, आडवं थांबेपर्यंत. ढेकळात एकदा नाक घासलं की प्रॉपची टोकं खरवडतात, तो प्रॉप मग व्हिडिओसाठी वापरू नका. मोटरची दांडी वाकली असेल तर मात्र कितीबी टेप लावा, उपयोग शून्य.

यानंतर माउंटचा नंबर. कॅमेरा झिप टायनं लाकडी फ्रेमला आवळून टाकला तर मोटरची सगळी थरथर थेट लेन्समधी. उलट जाड मऊ स्पंजावर ठेवला तर प्रत्येक वळणाला डुलतो. मधला रस्ता म्हणजे खाली घट्ट फोमचा पातळ तुकडा, वरनं रबर बँड. जागा मोटरपासनं जेवढी लांब तेवढी बरी. शिवाय कॅमेरा एका दोऱ्यानं प्लेनला बांधून ठेवा, कारण ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीत नाहीतर तुरीत पडलेला कॅमेरा काय सापडत नाही. भडक नारंगी टेप गुंडाळली तर अजून बरं.

उन्हाचं एक लक्षात घ्या. आपल्याकडचं ऊन असं, की कॅमेरा शटर एकदम फास्ट करतो आणि मग प्रत्येक लाट धारदार उमटते. या कॅमेऱ्यात शटर हातानं सेट होत नाही, म्हणून लेन्ससमोर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लावायचा, शटर आपोआप मंद होतं आणि बारीक थरथर पुसट होते. जुन्या गॉगलच्या काचेचा तुकडा पण चालतो. पोलराइज्ड गॉगल मात्र नको, प्लेन वळलं की आभाळाचा रंग बदलत राहतो. वेल्डिंगची काच तर अजिबातच नको. आणि संध्याकाळी फिल्टर काढायला विसरू नका.

व्हिडिओ नंतर कॉम्प्युटरवर स्थिर करू म्हणाल तर हेलकावे कमी होतात, जेलो नाही जात.

वजन आणि सीजी

"चाळीस ग्रॅमनं काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांसाठी. ७०० ग्रॅमचं प्लेन, कॅमेरा सीजीच्या (म्हणजे प्लेन जिथं तोलून राहतं त्या बिंदूच्या) पुढं १५ सेंटिमीटरवर. सीजी आठ मिलिमीटर पुढं सरकला. २० सेंटिमीटर रुंदीच्या पंखाला सीजी पुढच्या कडेपासनं साधारण पाच ते साडेसहा सेंटिमीटरवर ठेवतात, म्हणजे अर्धी मोकळीक तिथंच संपली. बॅटरी मागं सरकवा आणि कॅमेरा लावलेला असतानाच सीजी परत बघा. शेपटाकडं लावला तर जास्तच सांभाळून, शेपूट जड झालेलं प्लेन सावरता येत नाही. एका पंखावर लावायचा असेल तर दुसऱ्या पंखावर तेवढ्याच अंतरावर तेवढंच वजन.

वायफायवाला कॅमेरा असेल तर उडवायच्या आधी वायफाय बंद. बहुतेक रिमोटचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि वायफाय पण तिथंच, त्यात रिसीव्हरची अँटेना कॅमेऱ्याला चिकटून असेल तर विचारूच नका. कॅमेरा रेकॉर्डिंगवर ठेवून रेंज टेस्ट करा, म्हणजे रिमोट किती लांबपर्यंत चालतो ते बघा. चित्र सगळीकडंच धूसर येत असेल तर लेन्स थरथरीनं आट्यात फिरली असणार, लांबचं झाड बघून फोकस करा आणि कडेला नेलपॉलिशचा एक थेंब. धूळ शर्टानं पुसू नका, काळ्या रानातली माती लेन्सवर ओरखडे पाडते, फुंकणीनं उडवा.

टोपीला कॅमेरा लावून जमिनीवरनं शूटिंग करणारे पण फसतात. दीडशे अंशाच्या आसपास रुंद लेन्स, सव्वा मीटरचं प्लेन शंभर मीटरवर गेलं की फुल-एचडीत दहाएक पिक्सेल उरतात. घार का प्लेन तेच कळत नाही. त्यापेक्षा मित्राच्या हातात मोबाइल द्या.

वेळ, जागा आणि माणसं

एप्रिल-मेमधी सकाळी नऊ-दहा वाजले की वावटळी सुरू होतात, तोवर आटपा. कॅमेऱ्याची पिटुकली लिपो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलीत तर फुगणार. आपलं रान मोकळं असलं तरी कुठंही उडवायचं नसतं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) झोनमधी ४०० फुटांपर्यंत, विमानतळापासनं ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फूट, आणि त्याच्या आत परवानगीशिवाय नाहीच. चिकलठाणा विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळं संभाजीनगरवाल्यांनी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा नकाशा आधी उघडावा. नाथसागराचा (जायकवाडी धरणाचा) काठ कितीबी सपाट दिसला तरी ते पक्षी अभयारण्य आहे. वेरूळ, देवगिरी पण नको.

आणि रानाच्या मालकाला आधी सांगा. "काय उडवायलास रे बाबा, फवारणीचं हाय का?" असं काकांनी विचारलं तर प्लेन हातात देऊन दाखवा, व्हिडिओ दाखवा. कॅमेरावालं काहीतरी गावावर फिरतंय म्हणलं की चोर आले अशी आवई उठायला वेळ लागत नाही, अंधारात तर उडवूच नका.

फाइल गेली म्हणजे?

कार्ड क्लास १० तरी पाहिजे, म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिणारं. लई जुने कॅमेरे ३२ जीबीच्या वर घेत नाहीत. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. बाजारात नकली कार्डं भरपूर, वर ३२ लिहिलेलं आणि आत निम्मं पण नाही, एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या सॉफ्टवेअरनं तपासा. मधेमधे व्हिडिओ अडकतो तो बऱ्याचदा कार्डामुळंच. उडवायच्या आधी लाइट लुकलुकतोय का ते बघा, नुसता चालू आणि रेकॉर्डिंग चालू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्लेन आपटून कॅमेऱ्याची बॅटरी निसटली तर फाइल शून्य केबीची दिसेल किंवा उघडणार नाही, कारण फाइलची सूची शेवटी लिहिली जाते आणि ती वेळच मिळाली नाही. म्हणून रेकॉर्डिंग पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत ठेवा, गेला तर शेवटचाच तुकडा जातो. त्या कार्डावर परत काही शूट करू नका, फॉरमॅट तर नाहीच. एव्हीआय असेल तर व्हीएलसी प्लेयर ती दुरुस्त करू का म्हणून स्वतःच विचारतो. एमपीफोर किंवा एमओव्ही असेल तर अनट्रंक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला त्याच कॅमेऱ्यातली, त्याच सेटिंगवरची एक धड चालणारी फाइल नमुना म्हणून द्यावी लागते, तेव्हा तशी एक आजच कॉम्प्युटरवर टाकून ठेवा.