टोचलेल्या कोंबडीची जखम

रक्त दिसलं की सगळी कोंबडी त्याच जागी चोच मारतात, म्हणून जखमी कोंबडी आधी बाजूला काढा. डालग्याखाली झाकलीत तरी चालेल, पण डालगं सावलीत हवं. खाली उसाचं पाचट नको, त्याच्या कडा जखमेला लागतात. जुनं धुतलेलं सुती कापड घाला.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं पाच मिनिटं दाबून धरा. मधेच उचलून बघू नका, धरलेली गुठळी सुटते. मग जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा. उपटलीत तर कातडी फाटते. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ घालून जखम धुवा. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक औषध पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. सांगलीकडं हळद घरात भरपूर, पण जखमेत ती ठासून भरू नका: खपली धरते आणि आत पू साठतो. चुना तर अजिबात नको.

पावसाळ्यात दिवसातून दोनदा बघा. बुडाजवळच्या जखमेत माश्या अंडी घालतात, एका दिवसात अळ्या दिसू शकतात. अळ्या, दुर्गंधी किंवा उघडं मांस दिसलं तर थेट जनावरांच्या दवाखान्यात न्या. प्रतिजैविक दिलं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नका.

पिसं फुटल्यावरच परत सोडा. आधी तीन-चार दिवस जाळीपलीकडं ठेवून, मग रात्री अंधारात दांडीवर बसवा.

आणि खुराडं तपासा. दर कोंबडीला किमान दोन चौरस फूट जागा हवी. नुसत्या मक्यावर प्रथिनं कमी पडतात, मग पिसं टोचणं सुरू होतं.