माघ-फाल्गुनात जंगलात जा: सह्याद्रीतली झाडं ओळखायला शिकताना

झाडं ओळखायला शिकायचं ठरलं की बरेचजण पावसाळ्याची वाट बघतात. मी आग्रहाने सांगेन, माघ-फाल्गुनात सुरुवात करा. श्रावणात सगळं रान एकच हिरवं दिसतं, आणि नवख्या माणसाला त्यात काहीच सुटं दिसत नाही. पानगळीत मात्र प्रत्येक झाड आपापलं वेगळं उभं असतं. खोड दिसतं, फांद्यांची ठेवण दिसते, आणि त्याची पानं-फळं त्याच्याच पायाशी पडलेली असतात. पुढचं सगळं ठाणे, रायगड, पुणे, सातारा या भागातल्या पानझडी जंगलाला धरून सांगते आहे.

एकच वाट निवडा

दर रविवारी नवं जंगल बघू नका. घरापासून सहज जाता येईल अशी किलोमीटर-दीड किलोमीटरची एकच वाट धरा आणि वर्षभर तिथेच परत परत जा. मुंबईकरांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, पुण्याकडच्यांना भीमाशंकर. गावाची देवराई असेल तर त्याहून उत्तम. अभयारण्यात वनखात्याची परवानगी आणि वेळा आधी विचारून घ्या, आणि तिथे पान-फूल तोडू नका. अनेक देवरायांत तर पडलेली काटकीसुद्धा उचलत नाहीत. जे पाहायचं ते खाली वाकून, जागेवरच पाहा.

सोबत वही, पेन्सिल, छोटं भिंग, शिंप्याची टेप आणि भरपूर पाणी घ्या. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट घाला. अत्तर, सेंट लावून जाऊ नका, कड्याला आग्या मोहोळ असू शकतं. या दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि त्यांची सोनेरी लव अंगाला लागली तर दिवस वाया जातो. बिब्ब्याच्या झाडाला हात लावू नका, त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात.

खोडापासून सुरुवात करा

फुलं काही आठवडेच असतात, खोड बारा महिने असतं. म्हणून पहिल्या चार-पाच फेऱ्यांत वर बघूच नका. खोडावरून हात फिरवा, अर्थात आधी काटे आहेत का ते पाहून.

ऐनाची साल काळपट आणि खोल भेगांची, मगरीच्या पाठीसारखे चौकोन पडलेली. एकदा पाहिली की विसरत नाही. नाण्याचं खोड याच्या अगदी उलट: फिकट, गुळगुळीत, पातळ पापुद्रे सुटणारं. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात. झाड जुनं झालं की बुंध्यावरचे काटे झडतात, त्यामुळे मोठी सावर काट्यांवाचून दिसली तर गोंधळू नका, वरच्या फांद्या पाहा. कातळावर, उघड्या उतारावर पांढरंफटक, कागदासारखी साल सुटलेलं निष्पर्ण झाड दिसलं तर तो बहुधा कांडोळ. संध्याकाळच्या उजेडात तो असा चमकतो की दुरूनही चुकत नाही. त्याची चांदणीसारखी फळं सुंदर दिसतात, पण त्यांवरची लव खुपते, हातात घेऊ नका.

टेपने खोडाचा घेर छातीइतक्या उंचीवर मोजून लिहा. वनखातं ही उंची १.३७ मीटर धरतं.

मग पान, पण आधी पान कुठलं ते ठरवा

'पळसाला पानं तीनच' हे आपण लहानपणापासून ऐकतो. खरं तर ती तीन पानं नाहीत, एकाच पानाच्या तीन पर्णिका आहेत. हे कळायला सोपी खूण आहे. देठ फांदीला जिथे जुळतो तिथे बगलेत कोंब असतो. कोंबापासून पुढचं सगळं मिळून एक पान. पर्णिकेच्या बगलेत कोंब नसतो. एवढं समजलं की अर्धा गोंधळ मिटतो: पळस आणि पांगारा दोघे तीन पर्णिकांचे, पण पांगाऱ्याच्या अंगावर काटे असतात, सावरीच्या पर्णिका हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या.

यानंतर तीन गोष्टी पाहा. पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक? पडलेलं ताजं पान चुरगाळल्यावर वास येतो का? देठातून दूध निघतं का? वड, उंबर, पिंपळ यांत दूध असतं. सागाचं कोवळं पान बोटांत चोळलं तर बोटं लाल होतात. जमिनीवर सागाची जाळी झालेली पानं सापडतील, ते अळ्यांचं काम आहे. त्या शिरांमधला हिरवा भाग खातात आणि शिरा तेवढ्या ठेवतात.

पायाशी काय पडलं आहे?

हा भाग मी फार उशिरा शिकले. महाडजवळच्या एका वाटेवर दोन वर्षं एका झाडापुढे मी वहीत 'ऐन' लिहीत होते. एकदा मोळी घेऊन चाललेल्या मावशी थांबल्या, म्हणाल्या, "हा किंजळ गो बाय, ऐन नव्हे." आणि पायानेच खालचा पाचोळा बाजूला केला. दोघांचीही साल काळपट, भेगाळ, पण फळं वेगळी. ऐनाच्या फळाला पाच रुंद पंख असतात. किंजळाचं फळ अगदी लहान, एक पंख मोठा आणि दोन छोटे. दोघेही टर्मिनेलिया या एकाच वंशातले. हिरडा, बेहडा आणि ओढ्याकाठचा, गुळगुळीत सालीचा अर्जुन हेही त्यांचे भाऊबंद.

जमीन वाचा

झाड कुठे उभं आहे हे त्याच्या ओळखीचाच भाग आहे. ओढ्याकाठी अर्जुन, करंज, जांभूळ शोधा. खडकाळ उतारावर कांडोळ आणि सालई. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनला आहे, म्हणून डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. दोन थरांच्या मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा दिसेल. अशा सांध्यांतून पाणी झिरपतं आणि तिथे हिरवळ उशिरापर्यंत टिकते. उतारावर कारवीचं रान लागलं तर तारीख लिहून ठेवा. ती साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते. बोरिवलीच्या उद्यानात २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली होती.

नाव सगळ्यात शेवटी

मोबाइलमधलं अॅप मदत करतं, पण एका पानाचा फोटो देऊ नका. पूर्ण झाड, खोड, पानाच्या दोन्ही बाजू आणि फांदीवरची मांडणी, असे फोटो काढा. मग वाटेवरच्या गावात विचारा. गुराखी आणि हिरडा गोळा करणारी माणसं आपल्याहून कितीतरी जास्त जाणतात, त्यांचा शब्द जसाच्या तसा लिहून घ्या. शास्त्रीय नावही शेजारी हवंच, कारण महाबळेश्वरची जांभळ्या-निळ्या फुलांची अंजनी आणि खानदेशातला जोडपानांचा अंजन ही अगदी वेगळी झाडं आहेत.

पहिल्या वर्षी दहा झाडं पुरेत. त्यांची पानं दर महिन्याला काय करतात ते लिहा: फाल्गुन-चैत्रात कुसुंबाची नवी पालवी लालभडक येते, वैशाखात बहावा पिवळा होतो. मग श्रावणात त्याच वाटेवर जा आणि गच्च हिरवाईत डोळे मिटून सालीवर हात ठेवून बघा, कुठला ऐन आणि कुठला नाणा. किंजळाची खात्री मात्र हिवाळ्यात करा. तेव्हा फळांच्या घोसांनी त्याचा सगळा माथा तांबूस झालेला असतो.