चित्रपटांचं कपाट कोहामध्ये लावताय? या चुका टाळा

आपल्याकडच्या बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत चित्रपटांचं कपाट आपोआप भरत गेलेलं असतं. देणगीत आलेल्या व्हीसीडी, घर बदलताना सभासदांनी आणून दिलेल्या डीव्हीडी, मासिकांसोबत फुकट मिळालेल्या डिस्क. दाखलपुस्तकात क्रमांक, नाव, किंमत, बस. मग एक दिवस ठरतं की हे सगळं कोहामध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीत, नीट लावायचं. पहिली चूक त्याच दिवशी होते: डिस्क बाहेर काढून आधी रॅकची मांडणी सुरू होते.

आमच्या ग्रंथालयात असंच झालं. भाषेप्रमाणे गठ्ठे केले, लेबलं लावली, आणि संगणकावरच्या नोंदी जुन्याच राहिल्या. सभासद ओपॅकवर (संगणकावरच्या ग्रंथालय-यादीत) जागा बघून येत आणि रिकाम्या हाताने परत जात. क्रम उलटा ठेवा. आधी नोंदी दुरुस्त करा. मग एका कपाटाच्या बारकोडची यादी ‘बॅच आयटम मॉडिफिकेशन’ या, अनेक प्रती एकदम बदलायच्या सोयीमध्ये देऊन स्थान बदला, आणि त्याच दिवशी तेवढंच कपाट हलवा. त्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या. एकदा बदललेली बॅच मागे घेण्याची सोय आहे असं धरून चालू नका.

दिग्दर्शकाला ‘लेखक’ करणं

कोहातली नोंद मार्क या पद्धतीच्या क्रमांक दिलेल्या क्षेत्रांत भरतात. पुस्तकांची नोंद करायची सवय असलेल्या हाताला १०० हे लेखकाचं क्षेत्र रिकामं सोडवत नाही, म्हणून तिथे दिग्दर्शकाचं नाव जातं. चित्रपट एका माणसाचा नसतो, त्यामुळे त्याची मुख्य नोंद शीर्षकाखाली होते. दिग्दर्शक, संगीतकार, प्रमुख कलाकार यांना ७०० या इतर नावांच्या क्षेत्रामध्ये, प्रत्येकाच्या भूमिकेसह घ्या. कलाकारांची यादी ५११ मध्ये, तंत्रज्ञांची ५०८ मध्ये.

यात कंटाळा करू नका, कारण सभासद चित्रपट माणसांच्या नावाने मागतात. ‘साधी माणसं’चं संगीत ‘आनंदघन’ यांचं आहे, आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. नामाधिकार नोंदीत (एकाच व्यक्तीची वेगवेगळी नावं जोडणाऱ्या नोंदीत) ही दोन नावं एकमेकांना जोडली नसतील, तर लताबाईंनी संगीत दिलेले चित्रपट शोधणाऱ्याला तुमच्याच कपाटातली डिस्क सापडणार नाही. अशी एक नोंद नीट करायला दहा मिनिटं लागतात, ती द्यावीत.

एकाच नावाचे चित्रपट एकत्र करणं

दुबार नोंदी काढायच्या भरात हे सर्रास होतं. ‘श्यामची आई’ १९५३ चा वेगळा, २०२३ चा वेगळा. ‘देवदास’ तर हिंदीतच १९५५ आणि २००२ असे निदान दोन निघतील. १३० या प्रमाण शीर्षकाच्या क्षेत्रामध्ये शीर्षकापुढे साल घाला, म्हणजे यादीत ते शेजारी दिसतील पण मिसळणार नाहीत. उलट बाजूही आहे. प्रभातचा ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ हे दोन्ही १९३७ चे, शांतारामबापूंनी मराठीत आणि हिंदीत वेगवेगळे चित्रित केलेले. त्यातला एक दुसऱ्याचं डबिंग समजून एकाच नोंदीखाली घेऊ नका. दोन नोंदी करा आणि त्यांच्यात दुवा द्या.

डबीवरचं साल

डबीवर छापलेलं साल सहसा डिस्कचं असतं. ‘संत तुकाराम’ १९३६ चा, पण तुमच्या हातातली डीव्हीडी त्यानंतर किमान साठ वर्षांनी निघालेली. ००८ या सांकेतिक माहितीच्या क्षेत्रामध्ये दोन्ही सालांना जागा आहे, फक्त तारखेचा प्रकार ‘पी’ निवडावा लागतो. चूक पकडायची सोपी युक्ती अशी: डीव्हीडी पहिल्यांदा बाजारात आली १९९६ मध्ये, जपानात. डीव्हीडींच्या नोंदींचा अहवाल काढा. प्रकाशनाचं साल त्याआधीचं दिसलं, की तिथे चित्रपटाचं साल चुकीच्या जागी गेलंय.

नोंद आहे, पण शोधात येत नाही

याची कारणं वेगवेगळी असतात. आयात नुकतीच केली असेल तर झेब्राची, म्हणजे कोहाच्या शोधयंत्रणेची, अनुक्रमणिका पुन्हा बांधून घ्या. शीर्षकाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर जुनी यादी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप झालेली आहे. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करा, मगच आयात. सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसली तर एक्सेलमधून फाइल यूटीएफ-८ न निवडता जतन झालीय. एक्सेल बारकोडच्या सुरुवातीची शून्यंही गिळतं, ०००४५७ चा ४५७ होतो आणि स्कॅनर डिस्क ओळखत नाही. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवा. आणि लोक ‘शामची आई’ असंही टाइप करतात. ही पर्यायी रूपं २४६ या पर्यायी शीर्षकाच्या क्षेत्रामध्ये घाला. सभासदाच्या शुद्धलेखनावर त्याचं पुस्तक किंवा चित्रपट अडू नये.

देवघेवीचे नियम लागू होत नाहीत

डीव्हीडी तीन दिवसांसाठी द्यायची असं ठरवलं, पण कोहा पंधरा दिवसांचीच तारीख देतं. बहुतेक वेळा नोंदीचा प्रकार बदललेला असतो आणि प्रत्यक्ष प्रतीचा प्रकार ‘पुस्तक’च राहिलेला असतो. नियम कुठल्या प्रकारावरून चालतात ते सिस्टिम प्रेफरन्समध्ये पाहा आणि प्रतींचा प्रकार बॅचने बदला.

व्हीसीडीत एका डिस्कवर साधारण सव्वा तास मावतो, म्हणून पूर्ण चित्रपटाला दोन-तीन डिस्क लागतात. प्रत्येक डिस्कला वेगळी नोंद देऊ नका. डबीला एक बारकोड आणि ९५२ या प्रतीच्या क्षेत्राच्या ‘३’ या उपक्षेत्रात डिस्कची संख्या. मग देताना-घेताना कोहा स्वतःच आठवण करतं. भाषेच्या रकान्यात उपशीर्षकांची भाषाही नोंदवा, ०४१ मध्ये ‘जे’ उपक्षेत्र त्यासाठीच आहे. कमी ऐकू येणाऱ्या सभासदांना निवड करताना तीच माहिती हवी असते.

बारकोडचा कागद डिस्कवर चिकटवू नका. तोल बिघडतो, कडा सुटल्या की प्लेअरमध्ये अडकतो. डबीवर बारकोड, आणि डिस्कच्या मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्यावर आधारित शाईच्या पेनने दाखल क्रमांक. तो लिहिताना प्रत्येक डबी उघडली जाते, आणि ‘सिंहासन’च्या डबीत लहान मुलांची गाणी निघतात ती तेव्हाच. आमच्याकडे अशा डब्या निघाल्या तेव्हा आम्ही नोंदी पुसल्या नाहीत. प्रत ‘गहाळ’ म्हणून ठेवली, आणि त्यातल्या काही डिस्क पुढच्या कपाटात, दुसऱ्याच डब्यांत सापडल्या.