ओला-सुका वेगळा करताय? मग या चुका टाळा

स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये देशात पहिला नंबर 2020 ला कराडने काढला, 2021 ला विट्याने आणि 2022 ला पाचगणीने. सलग तीन वर्षं मान सातारा-सांगलीकडेच! तेव्हा 'आपल्याकडे हे चालायचं नाही' म्हणायला आता तोंड उरलेलं नाही. घंटागाडी दारात येते, 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भागही तेव्हाच पाडून दिले होते. घोडं पेंड खातं ते ओट्याखालच्या डब्यापाशी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ओला कचरा कॅरीबॅगेत गाठ मारून देणं. घरात वास येत नाही, हात खराब होत नाहीत, म्हणून बरं वाटतं. पण पुढे गाडीमागून गाडी रिकामी होत असताना कचरा निवडणाऱ्या बाईला प्रत्येक गाठ सोडायला सवड कुठली? पिशवी बांधलेलीच राहते, आतली भाजीची देठं सडतात, खत होत नाही. फुटलीच तर आमटीचं पाणी शेजारच्या पुठ्ठ्यावर सांडतं आणि त्या पुठ्ठ्याला मग भंगारवालाही हात लावत नाही. डब्याच्या तळाशी जुना पेपर घाला, चहाचा चोथा निथळून टाका आणि डबा थेट गाडीत रिकामा करा.

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटा करू नका. पिशवी धुऊन रद्दीत जाते, तो तुकडा मात्र गटारात. नुसती चीर द्या, कोपरा लटकू द्या.

भडंग-वेफर्सची चकचकीत पाकिटं सुक्यातच टाकायची, पण त्यांचं पुन्हा पाकीट होईल अशी आशा नको. त्यांचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. टपरीवरचा कागदी कपही रद्दीत घालू नका, त्याला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं.

घरी खत करणाऱ्यांची तक्रार ठरलेली: वास येतो, अळ्या पडतात. कारण बहुतेक वेळा एकच, ओलं जास्त आणि कोरडं कमी. कलिंगडाच्या साली नुसत्या ओतल्या की तळाशी पाणी साठतं, हवा कोंडते आणि कुजका वास सुटतो. ओल्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच वाळका पाला किंवा कुस्करलेली शेंगांची टरफलं घाला. आपल्या भागात टरफलांना काय तोटा? आठवड्यातून एकदोनदा तळापासून हलवा. मूठभर घेऊन दाबलं आणि बोटांतून पाणी ठिबकलं, तर कोरडं वाढवा. भुगा उडायला लागला तर ताकाचं पाणी शिंपडा. अळ्या दिसल्या म्हणून फिनेल मात्र ओतू नका, खत करणारे जिवाणूच मरतात. 'कंपोस्टेबल' छापलेल्या पिशव्याही कुंडीत घालू नका. त्यातल्या बऱ्याचशा मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेतच कुजतात.

मोबाइलची फुगलेली बॅटरी सुक्यात टाकणं ही नुसती चूक नाही, धोकाच. गाडीत दाबली गेली की पेट घेते. ती, जुने सेल आणि ट्यूब वेगळ्या ठेवा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून द्या. निवडणारीही कुणाची आई-बहीणच असते.

राहिला पालापाचोळा पेटवण्याचा प्रकार. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये दंड आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच दिलाय. धूर शेजाऱ्याच्या घरात आणि फुकटचं कोरडं खत-साहित्य राखेत!

आणि 'आम्ही वेगळं देतो, ते गाडीत एकत्रच करतात' हे गाऱ्हाणं खोटं नाही. पण म्हणून आपणही एकत्र देणं म्हणजे त्यांना मोकळं रान. गाडीचा नंबर, वेळ आणि फोटो घेऊन वॉर्डाच्या स्वच्छता निरीक्षकाकडे लेखी द्या किंवा स्वच्छता ॲपवर टाका. गल्लीतल्या चार घरांनी मिळून दिलं तर दखल लवकर घेतली जाते.