टँकमधली गोगलगाय कशी सांभाळावी, आणि ती हलेनाशी झाली तर काय करावं

माशांचा टँक निदान महिनाभर चाललेला आहे, अमोनिया आणि नायट्राइट ही पाण्यातली दोन विषं शून्यावर आहेत, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तुम्ही न विसरता काढता, हे मी धरून चालले आहे. हे नसेल तर गोगलगाय आणू नका. ‘नवा टँक साफ राहावा म्हणून आधी गोगलगाय सोडा’ असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नव्या टँकमध्ये खायला शेवाळ नसतं आणि अमोनिया मात्र असतो. ती एक तर उपाशी मरते, नाहीतर विषानं.

मिस्टरी, नेराइट, रॅम्सहॉर्न आणि मलेशियन ट्रम्पेट या चारही जातींच्या गोगलगाई मी वर्षानुवर्षं पाळते आहे. पहिल्यांदाच पाळत असाल तर मिस्टरी घ्या. लिंबाएवढी होते, दिवसाही फिरते, धडधाकट झाडांना तोंड लावत नाही आणि तिचं वागणं नुसत्या डोळ्यांनी नीट दिसतं.

निवडताना काचेला चिकटलेली, शिंगं बाहेर काढलेली घ्या. उचलल्यावर तिनं झटकन आत जाऊन शंखाच्या तोंडावरचं कडक दार ओढून घ्यायला हवं. घरी आणल्यावर तिच्या पिशवीतल्या पाण्यात दीड-दोन तास थेंबाथेंबानं टँकचं पाणी मिसळा, मग तिला टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. टँकला घट्ट झाकण हवं, पाण्याच्या वर चार बोटं मोकळी जागा हवी. लोच आणि पफर हे मासे गोगलगाई खातात, बेटा मासा शिंगांना चावे घेतो, त्यामुळे त्यांच्यासोबत ठेवू नका. शिंग तुटलंच तर घाबरू नका, ते परत येतं. मिस्टरीच्या कुळातल्या गोगलगाईंचा डोळासुद्धा परत येतो.

खायला शेवाळाच्या गोळ्या, वाफवलेली काकडी, गाजर. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा. कॅल्शियमसाठी पालक द्या असं सर्रास सांगतात, पण पालकातलं बरंचसं कॅल्शियम ऑक्सॅलेटमध्ये अडकलेलं असतं. पालक खुशाल द्या, त्याच्या भरवशावर राहू नका.

पाणी

शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पीएच ७ च्या खाली गेला की तो हळूहळू विरघळायला लागतो, आणि सुरुवात टोकापासून होते, कारण तो भाग सगळ्यात जुना. मी पीएच ७.२ ते ८ च्या मध्ये, जीएच (पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) ८ च्या वर, केएच (पीएच सावरून धरणारं कार्बोनेट) ४ च्या वर आणि तापमान २२ ते २६ अंश ठेवते. जास्त गरम पाण्यात मिस्टरी भराभर वाढते, पण तिचं आयुष्य कमी होतं. एरवी ती वर्ष-दोन वर्षं जगते.

लोक पीएच मोजतात आणि केएच सोडून देतात, नेमकं तिथेच फसतं. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातलं कार्बोनेट खर्ची घालतात. चार-सहा आठवडे पाणी बदललं नाही की केएच संपत येतो आणि मग पीएच एकदम घसरतो. जुन्या, वरून काचेसारख्या स्वच्छ दिसणाऱ्या टँकमध्ये शंख पांढरे पडतात ते बहुतेक वेळा यामुळेच. उपाय साधा आहे. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला आणि समुद्रफेनाचा एक तुकडा तळाशी ठेवा. आधी उकळा, नाहीतर तो तरंगत राहतो. फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा घातला तरी चालतं. आरओचं पाणी वापरत असाल तर त्यात क्षार घालावेच लागतात.

पाणी मानवतंय की नाही हे शंखाच्या तोंडाची कड सांगते. वाढत्या गोगलगाईची कड बोटाला नखासारखी पातळ आणि जराशी लवचिक लागते. जुनी झीज कधीच भरून येत नाही, पण पाणी सुधारलं की पुढची वाढ गुळगुळीत येते आणि दोन्हींच्या मध्ये एक स्पष्ट रेघ उमटते. माझ्या एका तपकिरी मिस्टरीच्या शंखावर तशी रेघ होती. रेघेच्या मागे सगळं खडबडीत, पुढे चकचकीत.

आणि तांबं. माशांच्या औषधाच्या बाटलीवर कॉपर सल्फेट किंवा नुसतं कॉपर लिहिलेलं असेल तर ते गोगलगाय असलेल्या टँकमध्ये घालू नका, अर्धा डोससुद्धा नको. जंतांवरचं फेनबेंडाझोलही मिस्टरी आणि नेराइटला मारतं. औषध द्यायचंच असेल तर माशाला वेगळ्या भांड्यात काढून द्या.

विचित्र वाटणारं, पण ठीक असलेलं

मिस्टरीला शरीराच्या उजव्या अंगाला कल्ला असतो आणि डाव्या अंगाला फुप्फुस. ती पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येते, डाव्या बाजूनं एक नळी वर काढते आणि सगळं अंग भात्यासारखं मागे-पुढे हलवते. नवख्या माणसाला झटका आल्यासारखं वाटतं. ती हवा भरून घेत असते.

काचेच्या वरच्या टोकावरून ती एकदम पकड सोडते आणि तळाशी येऊन पडते. हा तिचा खाली यायचा जवळचा रस्ता. एक दुसरीच्या शंखावर तासन्‌तास बसून राहते, ती जोडी जमलेली असते, किंवा वरची खालचीच्या शंखावरचं शेवाळ खात असते. मात्र खालच्या शंखावर खरवडल्याचे पांढरे चट्टे दिसले तर पाण्यात कॅल्शियम कमी आहे. ट्रम्पेट दिवसभर वाळूत गाडलेल्या असतात. त्या भरदिवसा सगळ्या मिळून काचेवर चढल्या तर तडक अमोनिया मोजा आणि पाणी बदला. एकटी मिस्टरी रात्री पाण्याबाहेर आली तर बहुधा अंडी घालायला आली आहे. सगळ्याच बाहेर येत असतील तर पाणी बिघडलं आहे.

ती हलत नाही

इथे मी दोनदा चुकले आहे, दोन्ही वेळा ऐकीव सल्ल्यामुळे.

पहिल्यांदा एक मिस्टरी दोन दिवस तरंगत होती. ज्याला त्याला विचारलं, सगळे म्हणाले मेली. मी तिला बाल्कनीतल्या कुंडीत मातीवर ठेवली. संध्याकाळी झाडांना पाणी घालायला गेले तर ती कुंडीच्या काठावर चढलेली, अंगाला मातीचे कण चिकटलेले, दोन्ही शिंगं पूर्ण बाहेर. ती पुढे जवळजवळ वर्षभर जगली. त्यानंतर मी ‘तरंगते म्हणजे आराम करते, हात लावू नका’ या मंडळींचं ऐकायला लागले. पुढची तरंगली तेव्हा चार दिवस तशीच ठेवली. ती मेलेली होती. टँक अवघा वीस लिटरचा, अमोनिया चढला आणि तिच्या मागोमाग तीन नेराइट गेल्या. त्या तीन नेराइट मला आजही आठवतात.

म्हणून सांगते, तरंगण्यावरून काहीच ठरत नाही. मिस्टरीच्या फुप्फुसात हवा जास्त भरली की ती दोन-तीन दिवससुद्धा तरंगते. नवी आणलेली गोगलगाय दार लावून तितकेच दिवस तळाशी पडून राहते. मेलेलीही तरंगते, मेलेलीही पडून राहते.

चोवीस तास जागची हलली नाही, की तिला बाहेर काढा. वाट बघू नका. काचेला चिकटलेली असेल तर सरळ ओढू नका, शंख धरून हलकेच बाजूला सरकवा, पकड आपोआप सुटते.

आधी दार बघा. तळव्याच्या मागच्या बाजूला जो कडक, शिंगासारखा पापुद्रा असतो तेच तिचं दार. ते घट्ट लागलेलं असेल तर ती बहुधा जिवंत आहे, कारण दार आतून धरून ठेवायला स्नायू लागतो. बोटाच्या टोकानं अलगद दाबा. जिवंत असेल तर प्रतिकार जाणवतो, कित्येकदा ती आणखी आत ओढून घेते. अंग बाहेर लोंबतं आहे, स्पर्श केला तरी आत जात नाही आणि दार सैल हलतं आहे, तर ती गेली. दार चिमट्यानं उघडून बघायचा सल्ला देणारे आहेत. तसं कधीही करू नका. ज्या स्नायूनं ती शंखाला जोडलेली असते तो फाटला की जिवंत गोगलगाय तुमच्या हातून मरते.

दारावरून कळलं नाही तर वास घ्या. पाणी निथळू द्या, शंखाचं तोंड नाकापासून दोन बोटांवर धरा. जिवंत गोगलगाईला शेवाळाचा, ओल्या मातीचा मंद वास असतो. मेलेलीचा वास इतका उग्र असतो की हात आपोआप मागे जातो. काहींना हे किळसवाणं वाटतं, पण याच्याइतकी खात्रीची दुसरी खूण मला अजून सापडलेली नाही. फक्त नुकतीच मेलेली असेल तर लगेच वास येत नाही, आणि सगळा घोळ याच काही तासांत होतो.

म्हणून शंका असेल तेव्हा तिसरी पायरी: वेगळा वाडगा. टँकचंच पाणी घ्या, शंख जेमतेम बुडेल इतकंच, म्हणजे नळी वर काढायला तिला पोहावं लागणार नाही. तोंड खाली करून ठेवा, शेजारी काकडीची चकती, वर जाळीचं झाकण. वाडगा टँकच्याच खोलीत, उन्हापासून दूर. जिवंत असेल तर बहुतेक वेळा रात्रीतून चकती कुरतडलेली आणि गोगलगाय वाडग्याच्या कडेवर सापडते. मेलेली असेल तर दुसऱ्या दिवशी वाडग्याचं पाणी गढूळ होतं, वासही येतो, आणि ते सगळं वाडग्यातच राहतं, बाकीच्यांपर्यंत जात नाही. दार घट्टच असेल तर पाणी रोज बदला, रोज वास घ्या आणि तीन दिवस थांबा.

ती वाडग्यात असताना टँकचं पाणी मोजा: अमोनिया, नायट्राइट, पीएच, केएच, तापमान. निरोगी गोगलगाय दार लावून बसली तर कारण बहुधा यातच सापडतं. काही चढलेलं-उतरलेलं नसेल तरी तीस टक्के पाणी बदला, त्यानं नुकसान होत नाही. नेराइटचं थोडं वेगळं आहे. ती पाठीवर पडली तर अनेकदा स्वतःहून उलटू शकत नाही आणि तशीच उपाशी मरते. तिला बोटानं सरळ करा, मग बाकीचं.

अंडी

मिस्टरीचा फिकट गुलाबी घोस पाण्याच्या वर, काचेवर किंवा झाकणाखाली असतो. दोन ते चार आठवड्यांत पिल्लं येतात. नको असतील तर पहिल्या एक-दोन दिवसांत खरवडून काढा, पिशवीत घालून गोठवा आणि मगच टाका. मादी एकटी असली तरी आधीचं बीज ती महिनोन्‌महिने साठवून ठेवते. नेराइटची तिळासारखी पांढरी अंडी गोड्या पाण्यात वाढतच नाहीत. रॅम्सहॉर्न आणि ट्रम्पेट बेसुमार वाढल्या तर तुम्ही टँकमध्ये अन्न जास्त टाकताय, ते निम्मं करा.

जास्त झालेल्या गोगलगाई तळ्यात, ओढ्यात सोडू नका. मिस्टरीचीच भाऊबंद असलेली पोमेसिया कॅनालिक्युलाटा १९८० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून आशियात खाण्यासाठी आणली गेली, ती पाण्यात सुटली आणि तिनं भाताची शेतं फस्त केली. युरोपीय संघानं २०१२ मध्ये पोमेसियाच्या सगळ्याच जातींवर बंदी घातली. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

आणि गोगलगाय गेली तर शंख फेकू नका. आतलं काढून, उकळून, परत तळाशी ठेवा. बाकीच्या त्याच्यावर येऊन बसतात आणि कॅल्शियमसाठी तो खरवडत राहतात. काचेला डोळा लावून पाहिलं तर त्यांचं तोंड उघडताना-मिटताना दिसतं, आणि शंखावर त्यांच्या दातेरी जिभेच्या बारीक नागमोडी रेघा.