बाखचं प्रेल्युडिओ बसवायचंय? आधी डाव्या हाताला सुट्टी द्या

बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या ई मेजर पार्टिटातलं (अनेक छोट्या तुकड्यांची मालिका) सुरुवातीचं प्रेल्युडिओ (१७२० च्या हस्तलिखितातलं, बाखच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही १००६) ऐकलं की वाटतं बोटं काय भन्नाट पळतायत, पण खरी गोची बो (गज) धरणाऱ्या उजव्या हातात आहे आणि मला हे कळायला बरेच महिने गेले.

१३८ बार (म्हणजे तालाची आवर्तनं), जवळजवळ सगळे सिक्स्टीन्थ नोट्स, म्हणजे एका बीटला चार सूर, श्वास घ्यायलाही जागा नाही. त्यात १७ व्या बारपासून बारिओलाज सुरू होतं म्हणजे बो तीन तारांवर झुलत राहतो, मोकळी ई (बोट न लावलेली तार) मध्ये मध्ये वाजत राहते आणि ए-डी वर बोटं चाल पुढे नेतात. हा तुकडा बसला की अर्धं काम झालं समजा, कारण पुढे हाच प्रकार खालच्या तारांवर मोकळ्या ए सोबत परत येतो.

तर करायचं काय, नोटेशनवर प्रत्येक सुराखाली तार कुठली ते पेन्सिलने लिहा आणि डावी बोटं अजिबात न लावता फक्त मोकळ्या तारांवर तोच क्रम वाजवा. भयंकर बेसूर वाटेल, घरचे वैतागतील, तरी आठवडाभर हेच करा. बो मध्याच्या आसपास, अगदी थोडा वापरायचा. कोपर मधल्या तारेच्या लेव्हलला ठेवा, बाजूच्या दोन तारांवर मनगट आणि बोटांनीच जायचं, प्रत्येक सुराला कोपर पंख्यासारखं हलायला लागलं तर वेग वाढणारच नाही. खांदा दुखला तर तिथेच थांबा, काहीतरी चुकतंय.

मग बोटं लावा, पण शेजारच्या दोन तारा एकत्र डबल स्टॉप म्हणून वाजवून, म्हणजे सूर कुठे घसरतोय ते लगेच कळतं. मोकळी ई तर खोटं बोलत नाही ना. बोटं शक्यतो तारेवरून उचलू नका.

मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र) ६० वर, क्वार्टर नोटला म्हणजे एका बीटला एक टिक. तिथे सलग तीनदा नीट आलं तरच ६४. पटकन ११० ला उडी मारायचा मोह होतो, मी मारली होती, परत पहिल्यापासून सुरुवात.

आणि हो, सुरुवात सुराने नाही, अर्ध्या बीटच्या विरामाने होते, तो मनात मोजा नाहीतर पहिलाच बार लंगडतो. शिवाय बाखने स्वतः फोर्टे-पियानो लिहिलंय, एकच वाक्य आधी मोठ्या आवाजात (फोर्टे) मग हळू आवाजात (पियानो), हळू आवाजाला बोवरचं वजन काढा पण वेग तोच ठेवा, बहुतेक जण तिथेच रेंगाळतात.