किबुत्झमध्ये काही महिने राहायचे असेल तर

इस्रायलमधील एखाद्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक जीवनाच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या वसाहतीत, स्वयंसेवक म्हणून राहण्याचा विचार असेल, तर समुद्र किती जवळ आहे किंवा बागा कसल्या आहेत हे पाहण्याआधी तिथला पैशाचा व्यवहार कसा चालतो, हे विचारून घ्यावे. १९१० मध्ये गालिलीच्या सरोवराच्या दक्षिण टोकाशी दगानिया हा पहिला किबुत्झ वसला, तेव्हा जमीन, अवजारे आणि मिळकत सर्वांची सामाईक होती. १९८० च्या दशकात महागाई आणि कर्जाने अनेक किबुत्झांना घेरले, आणि पुढे बहुतेकांनी कामानुसार वेगवेगळे वेतन स्वीकारले; खुद्द दगानियानेही २००७ मध्ये तोच मार्ग धरला. त्यामुळे सामाईक जीवन जवळून अनुभवायचे असेल, तर जिथे आजही मिळकत समान वाटली जाते अशा मोजक्या किबुत्झांपैकी एखादा निवडणे माझ्या मते अधिक योग्य ठरेल.

पोहोचल्यावर खोली, जेवण आणि थोडा हातखर्च मिळतो. काम मात्र कामवाटप पाहणारी व्यक्ती ठरवते. आपल्या वाट्याला गोठा, फळबाग किंवा भोजनगृहातील भांडी घासणे येऊ शकते. कोणतेही काम हलके मानू नये, कारण सभासदही आळीपाळीने भोजनगृहात राबत आले आहेत आणि माणसाची पारख तिथे त्याच्या कामावरूनच होते. कपडे सामाईक धुलाईघरात जात असतील, तर प्रत्येक कपड्यावर आपल्याला दिलेला क्रमांक आहे ना, हे तपासूनच ते टाकावेत. सदऱ्यांच्या ढिगातून आपला सदरा परत मिळतो तो त्या क्रमांकामुळेच.

शनिवारी विश्रांती असली तरी गाईंचे दूध काढावेच लागते. तिरात त्स्वीसारख्या धार्मिक किबुत्झमध्ये शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचे, नियम कसोशीने पाळले जातात, आणि स्वयंपाकघरात मांसाची व दुधाची भांडी कधीही एकत्र करू नयेत. सर्वसाधारण सभेत मतदानाचा हक्क फक्त सभासदांना असतो.

शावुओत या ज्यूंच्या सुगीच्या सणाला तिथे असलात तर सजवलेल्या ट्रॅक्टरांची मिरवणूक अवश्य पाहावी. वर्षभरात जन्मलेली बाळेही पिकांच्या बरोबरीने कौतुकाने व्यासपीठावर आणली जातात.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी बेएरी, नीर ओझ आणि कफार अझा या गाझालगतच्या किबुत्झांवर झालेल्या हल्ल्यात अनेक जण मारले गेले. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या दूतावासाच्या सूचना वाचाव्यात आणि पहिल्याच दिवशी जवळचे निवाऱ्याचे ठिकाण स्वतः चालत जाऊन पाहून यावे.